मुठीतला प्लग

विजेच्या रंध्याची पाती बदलायची म्हटलं की वासू मेस्त्री आधी प्लग काढून बायकोच्या मुठीत देत. बोटाचं टोक गेल्यापासूनचा हुकूम होता, "मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

आजही त्यांनी नवी पाती बसवली, पट्टी लावून धार समपातळीत आणली, स्क्रू आवळले आणि ऐटीत बटण दाबलं. रंधा ढिम्म. पुन्हा सगळं खोललं, पुन्हा बसवलं. तरी ढिम्म! सरपंचांचा दरवाजा संध्याकाळी द्यायचा होता.

"मोटार जळली!" मेस्त्रींनी कपाळाला हात लावला, आणि समोर बायकोची मूठ दिसली. "अगं, बोलायचंस तरी!"

"तुम्ही सांगितलंत कुठे?" तिने मूठ आणखी घट्ट केली. "माझ्या कपाटाचं दार लग्नापासून राहिलंय."

संध्याकाळी सरपंच आले, तेव्हा मेस्त्री स्वयंपाकघरात कपाटाला दार बसवत होते. सरपंचांना चहा देताना तिच्या एका हातात कप होता, दुसऱ्यात प्लग.