सासऱ्यांना मानवलेली जेली

“ही परीक्षा म्हणजे डाव्या हातचा मळ!” असं घरभर बजावून सूनबाई लॅपटॉपसमोर बसल्या. मेडिकल इंजिनिअरिंगच्या ऑनलाइन कोर्सचं शेवटचं प्रात्यक्षिक होतं. पास झाल्या तर नोकरी पक्की. जखमेवर लावायची जेली घरीच बनवून त्यांनी तिच्यात मोबाईलवर तापमान सांगणारा तांदळाएवढा सेन्सर बसवला होता. “दाखवा,” परीक्षक मॅडम म्हणाल्या. फ्रीज उघडला तर जेलीची वाटी लख्ख! सासरे मिशा पुसत म्हणाले, “जेली झकास होती, सूनबाई. साखर तेवढी विसरलीस.” सूनबाईंना घाम फुटला. मॅडम मात्र खुलल्या. “शरीरासाठी बनवलेलं बायोमटेरियल शरीराला मानवलं पाहिजे. काका, मानवलं का?” “मानवलं म्हणजे? ढेकरसुद्धा दिली!” “आणि सेन्सर?” सूनबाईंनी मोबाईल दाखवला. सासऱ्यांच्या पोटाचं तापमान बिनचूक दिसत होतं. “पास!” सूनबाई टुणकन उडाल्या. मग मोबाईलवर सूचना आली: बॅटरी संपत आहे, सेन्सर चार्जिंगला लावा.