दारासमोरचं बाकडं

बाकडं हटलं तर सुनेचा दुहेरी फायदा होता: दारासमोर स्कूटरला जागा आणि चकाट्या पिटणाऱ्या म्हाताऱ्यांपासून सुटका. तिने पालिकेकडे तक्रार लिहिली, इमारतभर फिरून सह्या गोळा केल्या. सासऱ्यांनीही मुकाट्याने सही केली.

बाकडं उखडताना पालिकेचा कामगार शेजारी उभ्या सासऱ्यांना पाहून थबकला. "आजोबा, हे बसवा म्हणून तुम्हीच हेलपाटे घातले होते ना? तीन जिने चढायच्या आधी दम खायला हवं म्हणून?"

सून सासऱ्यांकडे वळली. "बाबा! मग सही कशाला केलीत?"

"लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलंस. नाही कसं म्हणू?"

स्कूटर आता ऐसपैस उभी असते. त्या जागेचं भाडं सासरे भरतात: त्यांनी खाली उतरणंच सोडलंय.