संत्र्याचा वास

"ड्रमाला हात लावायचा नाही, बाबा!"

प्राप्ती ओरडली तोवर दयारामने ड्रम पडवीच्या कडेपर्यंत ओढत आणला होता. प्राप्तीने धावत जाऊन दुसरी कडी धरली. बाप अंगणाकडे ओढत होता, लेक घराकडे. झटापटीत झाकण सटकलं, ड्रम आडवा झाला आणि फेसाळ बिअर पडवीभर पसरली.

दयाराम चटका बसल्यासारखा अंगणात उतरला. थांबला नाही. थेट फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

"आता पळता कशाला?" प्राप्तीचा आवाज फुटला. "शनिवारी अलिबागची माणसं चव घ्यायला येणार होती. माझी नोकरी होती त्या ड्रमात!"

पुण्याच्या बिअर कारखान्यातलं काम सुटल्यावर ती मुरूडजवळच्या या घरी परत आली होती. अलिबागला नवा कारखाना निघत होता. तिथल्या मालकांनी सांगितलं होतं, स्वतःच्या हाताने केलेली एल चाखायला दे, मग बोलू. म्हणून तिने पडवीतच सगळं मांडलं.

पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. एल ही बिअरच, पण ती नीट आंबायला थोडा गारवा लागतो. आणि मे महिन्यात समुद्रकाठी गारवा आणायचा कुठून? तिने ड्रमाला ओली गोणपाटं गुंडाळली, बंदरावरून मासळीचा बर्फ आणला. तरी उकाड्याने घात केला. बिअरला नेलपॉलिशसारखा दर्प सुटला. दयाराम तेव्हा काहीच बोलला नव्हता. उलट हसला होता. दुसरी खेप माडाच्या आळ्यात ओतायला तोच पुढे झाला होता.

मग पुण्याच्या हेमालीने, तिच्या जुन्या मैत्रिणीने, वेगळं यीस्ट पाठवलं. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलेलं. त्याला उकाडाच मानवतो. प्राप्तीने बर्फ बंद केला, गोणपाटं सोडली. दुसऱ्याच दिवशी ड्रम खदखदू लागला आणि घरभर पिकल्या संत्र्यांचा वास दरवळला. ती नाचायचीच बाकी होती.

त्या दिवसापासून दयारामचं डोकं फिरलं. तो जेवण अंगणात घेऊ लागला. तिच्याशी बोलेना. बोलला तर आल्यागेल्यासमोर, तिला ऐकू जाईल असं.

"पोरीन घरान भट्टी लावलीय. लाज सोडलीय."

"मुलगा असता तर गावभर मिरवला असतात," तिने एकदा आतूनच सुनावलं. त्याने समोरचं ताट भिरकावलं. सगुणा, तिची आई, वाकून सांडलेला भात गोळा करत राहिली. तिने कोणाचीच बाजू घेतली नाही.

बाप पूर्वी प्यायचा, हे प्राप्तीला ऐकून माहीत होतं. ती पाळण्यात असताना त्याने दारू सोडली. पण त्या सोडण्याचं तिला कधी विशेष वाटलं नाही. गावात कुणाची हळद असली की तो पिणाऱ्यांच्या घोळक्यात सोडा घेऊन बसायचा. त्यांचे ग्लास भरायचा, त्यांच्याबरोबर गाणी म्हणायचा. अशा माणसाला आपल्याच लेकीच्या बिअरचं एवढं वावडं का? तिला एकच कारण दिसत होतं.

"मी मुलगी आहे म्हणूनच ना?" पडवीतून ती किंचाळली. "एकदा तोंडावर बोला तरी!"

"प्राप्ती, गप ऱ्हा," सगुणा दारातून म्हणाली.

"का गप राहू? पहिल्या दोन खेपांना हसत होते हे. मी जिंकायला लागले तसं यांना बघवेना!"

दयाराम टळटळीत उन्हात उभा होता. त्याने टॉवेलचा बोळा नाकाशी धरला होता. घराच्या दिशेने तो दोन पावलं आला आणि परत मागे गेला.

"पयल्या दोन येळेला घान वास होता," तो म्हणाला. "मना वाटलं, आपल्याकरं ही चीज व्हायचीच न्हाय. मी निवांत होतो."

"आणि हळदीत बसता ते?"

"तिथं चार लोक बघत असतात." त्याने टॉवेल आणखी घट्ट धरला. "आज सकाली तू आंघोलीला गेलीस. मी पेला घेऊन पडवीत आलो. झाकन उघरलं. पेला बुडवला."

सगुणाने चौकटीला हात टेकला. "प्यायलाव?"

"न्हाय. वतला परत. पन उद्या वतला नसता."

प्राप्तीने खाली पाहिलं. पायाखाली फेस चुरचुरत विरत होता. उन्हाने तापलेल्या लादीवरून वास आणखीच गोड होऊन वर येत होता.

"पडवी धुवून काढ, बाय," फाटकापासून दयाराम म्हणाला. "तवर मना घरान येता यायचं न्हाय."