आधी शेळ्या

तांब्याच्या खाणीच्या छोट्या रेल्वेने दक्षिण आफ्रिकेतल्या शेळ्या पाळणाऱ्या नामा लोकांचा एकमेव झरा नळ घालून इंजिनाच्या टाकीत वळवला, तेव्हापासून लिसबेटच्या अकरा शेळ्या तहानेने मेल्या होत्या. उरलेल्या तीस घेऊन ती त्या सकाळी टाकीसमोर रुळांवर बसली. गाडी शिट्या मारत येऊन थांबली. खाणीचा साहेब उतरून ओरडला, "ऊठ, नाहीतर तुरुंगात टाकीन!" "टाका की. पण ह्या तिसांनाही आत घ्या, मी एकटी यायची नाही." इंजिनचालक डाविड तिच्याच वस्तीतला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बॉयलरमधलं पाणी संपत आलंय, आणि शेळ्या प्यायल्याशिवाय ही आपल्याला टाकीपर्यंत जाऊ द्यायची नाही. पोलीस येईपर्यंत इंजिन फुटेल." साहेबाने दातओठ खात टाकीचं पाणी खालच्या कुंडात सोडायला लावलं. शेळ्या धावल्या. शेवटच्या करडाचं पोट भरेपर्यंत लिसबेट हलली नाही. मग घागरा झटकून उठत डाविडला म्हणाली, "आता पाज तुझ्या लोखंडी बैलाला. उद्याही आधी आम्हीच."