दादाने ऐकून सोडलेली गाडी

पंपाची तीन भोकं इंजिनाशी जुळली, चौथं काही केल्या जुळेना. धाकट्याने कानस घेतली आणि ते भोक जरा लांबट करून घेतलं. गाडी इतकी जुनी, की तिचा स्वतःचा वॉटर पंप आता कुठेच मिळत नव्हता. अडला हरी म्हणून भंगारबाजारातून दुसऱ्याच गाडीचे दोन पंप आणलेले. सकाळी दादाने दोन्ही कानाशी धरून फिरवून पाहिले होते.

"हा लाव. तो दुसरा नको," असं दादाने सांगितलं होतं. दादाच्या कानापुढे अपील नव्हतं.

टॅक्सीवाला स्टुलावर बसून सगळं बघत होता. "लेक बाळंत झालीय माझी. उद्या तिला नि नातवाला आणायचंय. अख्खा घाट आहे मध्ये. चढावर पाणी उकळलं तर जाऊ कुठे मी?"

"दादा ऐकेल ना एकदा," धाकटा म्हणाला.

तेवढं पुरे होतं. दादाने ऐकून सोडलेली गाडी रस्त्यात दगा देत नाही, असं टॅक्सीस्टँडवर बोललं जाई. गॅरेज चालायचं ते त्या बोलण्यावर. पाने-पकडी काय, कुणाकडेही असतात.

पॅकिंग बसलं, बोल्ट आवळले. पुली थोडी आत जात होती, तिच्यामागे दोन वॉशर घालून धाकट्याने पट्टा सरळ रेषेत आणला. पाणी भरलं आणि सेल मारून इंजिन चालू केलं. दादाने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक पंपावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. दादा ऐकायला लागला की कुणी चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, अशी तिथली रीत होती.

धाकट्याला मात्र हातभर लांबूनच ऐकू आलं. बेअरिंग खरखरत होतं.

दादा डोळे मिटून उभाच होता. मग हसला. "मस्त. लोण्यासारखा फिरतोय. जाऊ दे."

गेला महिनाभर दादा म्हणत होता, कानात मळ साचलाय, तेल सोडलं की निघेल. वहिनी हल्ली घरात ओरडूनच बोलायची. धाकट्याला ते दिसत होतं, पण त्याचं मन मानत नव्हतं. आता गप्प बसावं, तर हे बेअरिंग घाटात जाणार, आणि गाडीत ओली बाळंतीण. बोलावं, तर दादा संपला. तेही गिऱ्हाइकासमोर, सख्ख्या भावाच्या तोंडून.

त्याने इंजिन बंद केलं आणि दादाच्या अगदी तोंडासमोर येऊन उभा राहिला.

"दादा, चूक झाली माझी. भोक जास्तच मोठं केलं मी. तिथून पाणी गळेल. हा काढतो, दुसरा लावतो."

"जन्म गेला या धंद्यात, नि साधं भोक मोठं करता येत नाही तुला? लक्ष कुठे असतं? आं?" दादाने त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"जाऊ दे हो, होतं कधी कधी," टॅक्सीवालाच मध्ये पडला.

धाकट्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. शिव्या खाताना त्याला उलट बरं वाटत होतं. शिव्या देणारा दादा अजून पहिल्यासारखाच होता.

पंप उतरवला, तशी दादाने तो भोक बघायला म्हणून उचलला. भोक व्यवस्थित होतं, हवं तेवढंच. दादाने पंपाचा दांडा चिमटीत धरून फिरवला. बोटांत काही मळ साचत नाही. त्याने पुन्हा फिरवला, अगदी हळू. मग पंप टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर फडकं टाकलं.

धाकट्याने दुसरा पंप बसवला आणि पुन्हा सेल मारला. टॅक्सीवाला उठून दादाकडे बघत राहिला. दादाने स्क्रूड्रायव्हर घेतला, बाहीला पुसला आणि धाकट्यापुढे धरला.

"आज तू ऐक. शिकून घे जरा. जन्मभर मीच ऐकत बसू का?"

धाकट्याने मूठ कानामागे लावली. बेअरिंग एका लयीत फिरत होतं, कुठे अडत नव्हतं. त्याने वर पाहिलं. दादा पंपाकडे बघतच नव्हता. तो धाकट्याच्या तोंडाकडे बघत होता, शाळेच्या दारात निकालाला उभं राहावं तसा. धाकट्याने मान हलवली, टॅक्सीवाल्याला कळू नये एवढीच.

दादा टॅक्सीवाल्याकडे वळला. "ऐकून सोडलीय. निर्धास्त जा."

टॅक्सीवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याने दादाचे काळे, तेलकट हात दोन्ही हातांत घेतले आणि गाडीत जाऊन बसला.

दादा दारात जाऊन उभा राहिला, मधोमध, गाडीकडे पाठ करून, हात पुसत. गाडी त्याच्या मागे येऊन थांबली. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला, या वेळी लांब. दादा हात पुसतच राहिला.

धाकटा धावत गेला आणि त्याने दादाला मनगट धरून बाजूला घेतलं. लहानपणी रस्ता ओलांडताना दादा असंच त्याचं मनगट धरायचा. गाडी शेजारून निघून गेली.

दादाने हात सोडवून घेतला.

"ऐकला होता मी हॉर्न."

"हो दादा," धाकटा म्हणाला. मग लक्षात येऊन त्याने मान डोलावली.