पाककलेच्या फळीवरचं गणित

दोनदा जागेवर नेऊन ठेवलेलं दहावीचं गणित मार्गदर्शक शनिवारी सकाळी पुन्हा पाककलेच्या फळीवर दिसलं, तेव्हा शिवांजलीचा पारा चढला.

बेंबळीच्या वाचनालयातली पुस्तकं ती कॉम्प्युटरवर चढवत होती. प्रत्येकाला विषयाचा क्रमांक, पाठीवर चिठ्ठी, आत बारकोड. सोमवारी तपासणी. नोंद एक आणि फळी दुसरी निघाली तर वाचनालयाचा दर्जा घसरणार होता.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," शिपाई बब्रुवान म्हणाला. "शिवलिंगआप्पाच्या घरच्या बायका वाचतेत ते. आप्पाला दुसरी फळी चालत न्हाय."

बायकांनी स्वयंपाकाचं वाचावं, नसत्या उचापती करू नयेत, हे आप्पांचं मत गावभर ऐकू जायचं.

दुपारी तिघं आली. आप्पा ओसरीवर पेपर घेऊन बसले. आत सून महेश्वरीनं लोणच्यांचं जाड पुस्तक उघडलं, त्यात गणिताचं ठेवलं आणि कागदावर काहीतरी उतरवू लागली. सासू सिद्धम्मा अगदी खेटून बसलेली. कपाळाला आठ्या, नजर कागदावर, ओठ पुटपुटत. जप चालला असावा. म्हातारीला वाटत असणार, सून लोणच्याची कृती लिहून घेतेय.

शिवांजलीला पोरीची फार दया आली. पुस्तक गणितात नेलं की हिचं शिक्षण संपलंच. नियम झाला म्हणून काय झालं? तिनं नोंद उघडली, विषयात 'पाककला' टाकलं आणि पुस्तकाच्या पाठीवर तशीच चिठ्ठी डकवली.

तपासणीत नोंद आणि फळी तंतोतंत जुळली. साहेब चहा पिऊन खुशीत गेले.

पुढच्या शनिवारी सिद्धम्मा एकटीच टेबलापाशी आली.

"ते गणिताचं पुस्तक घरी न्यायचंय."

"गणिताचं? त्या फळीवर सगळी पाककलाच आहे, मावशी. कॉम्प्युटरवर बघा."

"लपवू नका, बाई. सोमवारी पेपर हाय."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. शिवांजलीनं हात जोडले. "मावशी, महेश्वरीला बसू द्या परीक्षेला. आप्पांना सांगू नका. एवढ्या जिद्दीनं शिकतेय पोरगी."

सिद्धम्मानं ओसरीकडं पाहिलं. आप्पांचं तोंड पेपरात होतं.

"महेश्वरी गणितात एमेस्सी हाय," ती हळूच म्हणाली. "दहावीला मी बसलेय."