शिकलेल्या मुलींचे मृत्यू

“हिलापण मेलेलीच धरायचं का, बाईसाहेब?” हजिरा मोहल्ल्यातल्या त्या घरातून बाहेर पडताना उमाजीनं विचारलं.

“ती झाशीला आहे. जिवंत आहे,” शरयूबाई म्हणाल्या. “पण तसं सांगायला घरचं कुणी तयार नाही.”

उमाजी दरबारचा शिपाई. जबानीला साक्षीदार हवा म्हणून बरोबर दिलेला. शरयूबाई इंदूरच्या, मुलींच्या शाळा तपासणाऱ्या. दोघं आठवडाभर ग्वाल्हेर पालथं घालत होती, आणि त्याला कारण होतं सदाशिवरावांचं पुस्तक.

सदाशिवरावांनी इथल्या मराठी घरांची पाहणी करून छापलं होतं, की सातवीच्या पुढं शिकलेल्या मुली फार लवकर मरतात. वाचनाचा ताण बाईच्या शरीराला सोसत नाही. पुस्तक पातळ, पण गाजलं भलतंच. मुलींच्या शाळेचे वरचे वर्ग बंद करायचा हुकूम तयार झाला. मुख्याध्यापिका मंदाताईंनी पदर पसरून एवढंच मिळवलं, की बाहेरच्या कुणीतरी घरोघर जाऊन मूळ आकडे पडताळावेत. मेलेली म्हणून मोजलेली एक जरी मुलगी जिवंत असल्याचं घरच्यांनी सांगितलं, तर हुकूम थांबणार होता.

सदाशिवराव लबाड नव्हते, हीच खरी पंचाईत. कर्त्या माणसानं ‘मुलगी वारली’ म्हटलं, की ते लिहून घेत. कशानं वारली, हे त्यांनी कुठंच विचारलं नाही. एखादी मनाच्या माणसाबरोबर निघून गेली, एखाद्या विधवेनं पुन्हा लग्न केलं, की घरचे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देत आणि तेराव्याला जेवणं घालत. त्यानंतर तिचं नाव काढायचं नाही. अशा मुली खरोखरच मेलेल्या मुलींत बेमालूम मिसळून गेल्या होत्या.

ही गोम शरयूबाईंनी पहिल्याच दिवशी ओळखली. पण कबूल कोण करणार? प्रत्येक घरी पाणी मिळे, निघताना हळदकुंकू लागे, आणि जबानी तीच. वारली.

आता एकच घर उरलं होतं. खासगी बाजारात, भांड्यांच्या दुकानावरचं. यादीत ते सगळ्यांत वर होतं. शरयूबाईंनी शेवटी ठेवलं होतं.

जिना अरुंद आणि काळोखी होता. वर पोचता पोचता उमाजी धडपडला.

“हाय राम! पायरी तुटकी आहे ही. आपल्याला लागलं तर नाही ना, बाईसाहेब?”

“नाही,” शरयूबाई वरून म्हणाल्या.

दार अनसूयाबाईंनी उघडलं. त्यांनी शरयूबाईंकडे पाहिलं, मग शिपायाच्या बिल्ल्याकडे, आणि मुकाट्यानं पाट मांडला. आतल्या खोलीत एक मुलगी गव्हले वळत बसली होती.

“आमची धाकटी, शामला,” अनसूयाबाई कुणी न विचारताच म्हणाल्या. “लग्न तोंडावर आलंय. माणसं चांगली आहेत, पण सोवळ्याओवळ्याची फार कडक. जरा कुठं काही कानावर गेलं, तर मोडतील.”

“मी तुमच्या थोरल्या मुलीबद्दल विचारायला आलेय,” शरयूबाई म्हणाल्या. “वनमालेबद्दल.”

अनसूयाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

“हे शेवटचं घर आहे. तुम्ही खरं सांगितलंत तर शाळा वाचेल.”

“शामलाही तिथंच शिकली. हुशार आहे. थोरलीसारखीच.”

“मग सांगा ना.”

आतलं गव्हले वळणं थांबलं होतं. अनसूयाबाईंनी एकदा तिकडं पाहिलं.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “वनमाला लग्नानंतर वर्षात विधवा झाली. आम्ही तिला माहेरी आणलं, शाळेत घातलं. आणि मग ती वारली.”

“कशानं?”

“तिच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं अग्नी दिला. तेवढं पुरे नाही का तुमच्या दरबाराला?”

शरयूबाईंना फार वाईट वाटलं. आठवडाभर घरोघरी नन्नाचा पाढा ऐकूनही त्यांनी या घराची आशा सोडलेली नव्हती. त्यांनी जबानी उतरून घेतली, अनसूयाबाईंनी अंगठा उठवला, त्याखाली उमाजीनं. शाळा गेली, हे दोघींनाही कळत होतं.

“चला, निपटलं एकदाचं,” म्हणत उमाजी जिना उतरून गेला.

शरयूबाई उठल्या. अनसूयाबाईंनी करंडा आणला. हळद लावली. कुंकवाचं बोट मात्र मध्येच थांबलं. शरयूबाईंच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत. शरयूबाई पाया पडायला वाकल्या तेव्हा अनसूयाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या,

“ती पायरी अजून तशीच आहे, वनू. जपून उतर.”